चिकाची किटली आणि बिनड्रायव्हरची मेट्रो

त्या दिवशी सकाळी आठलाच ऊन असं तापलं होतं, की कोंबड्या रांजणाच्या सावलीला जाऊन बसल्या होत्या. वारा नावाला नव्हता. अशा उन्हात शहाणा माणूस घराबाहेर पडत नाही. पण त्या गावात येसबा नावाचा एक भोळा माणूस राहत होता. तो पडला. त्याच्या हातात चिकाची किटली होती.

शेजारच्या सुंद्राकाकीची गाय पहाटे व्याली होती. आणि येसबाची धाकटी बहीण हौसा, शहरात दिलेली, तिला सातवा महिना लागला होता. तिला दुसरं काही नको होतं. गावच्या चिकाचा खरवस हवा होता. महिनाभर फोनवर तेच. "दादा, खरवस खाल्ल्याबिगर मला चैन पडायची नाही."

सुंद्राकाकीनं किटलीचं झाकण फडक्यानं घट्ट बांधून दिलं.

"येसबा, ऊन फार आहे. दुपारच्या आत पोचव, नाहीतर नासेल. तिथं नवी मेट्रो झालीय, तीत बस. सातव्या स्टेशनाला उतर. समोर पिठाची गिरणी, गिरणीच्या वर हौसाचं घर. काही समजलं नाही तर तिथल्या माणसाला विचार. तो सांगेल ते ध्यानात ठेव."

"ठेवतो की," येसबा म्हणाला.

ध्यानात ठेवायला येसबा पक्का होता. एकदा ऐकलेलं तो कधी विसरत नसे. तीच तर अडचण होती.

एसटीनं तो शहरात पोचला. मेट्रोच्या दारात एक पहारेकरी उभा होता. येसबा किटली छातीशी धरून सरळ आत चालला.

"ओ पाव्हणं! यात काय आहे?"

"चीक."

पहारेकरीही गावाकडचाच असावा. त्यानं आवंढा गिळला. मग म्हणाला, "असं घुसायचं नाही. किटली त्या सरकत्या पट्ट्यावर ठेवा. ती मशीनमधून पुढं जाईल. तुम्ही मागनं या. आधी सामान, मग माणूस."

"बरं झालं सांगितलंत. आता ध्यानात ठेवतो."

मशीनपलीकडं किटली उचलून येसबा वर फलाटावर गेला, तोच गाडी आली. चकचकीत, लांबलचक. दार आपोआप उघडलं. येसबानं किटली दोन्ही हातांनी आत ठेवली. ती नीट बसली का पाहिलं. मग दोन पावलं मागं सरून उभा राहिला. सामान पुढं गेल्यावर माणसानं जायचं.

दार मिटलं. किटली आत, येसबा बाहेर. गाडी गेली.

गणवेशातली एक बाई पळत आली. "अहो दादा, गाडीत काय टाकलंत?"

"टाकलं नाही बाई, ठेवलं. आता माझी पाळी."

"गाडी गेली की!"

"मग ड्रायव्हरला हाक मारा. आमच्या जीपचा बबन्या हाक मारली की थांबतो."

"या गाडीला ड्रायव्हर नाही. ती आपली आपण चालते."

बाईला वाटलं, आता हा घाबरणार. पण येसबाला नवल वाटलं नाही. "आमच्याकडंही तसंच," तो म्हणाला. "बाजारावरून येताना गाडीवान झोपून जातो. बैलांना घर ठाऊक असतं."

बाईनं त्याच्याकडं पाहिलं. मग फोन लावला. शेवटच्या स्टेशनावर किटली उतरवून घ्यायला सांगितली. येसबाला म्हणाली, "पुढच्या गाडीनं शेवटपर्यंत जा. तिथल्या स्टेशनाच्या साहेबांकडून किटली घ्या. आणि दादा, दार उघडलं की आधी स्वतः आत शिरायचं. कशासाठी थांबायचं नाही, कुणाला विचारायचं नाही."

"बरं झालं सांगितलंत. आता ध्यानात ठेवतो."

पुढच्या गाडीचं दार उघडलं आणि येसबा आत शिरला. एवढं बरोबर झालं. ड्रायव्हरची जागा रिकामीच, म्हणून तो अगदी पुढच्या काचेशी जाऊन बसला. खाली सगळं शहर पसरलं होतं. गच्च्यांवर कुरडया वाळत होत्या. एक म्हातारा पाण्याच्या टाकीच्या सावलीत पेपर वाचत होता. येसबानं त्याला हात केला. म्हाताऱ्यानं वर पाहिलं, गाडीच्या तोंडाशी माणूस बघितला आणि त्यानंही हात केला. त्याला वाटलं, अखेर ड्रायव्हर ठेवला वाटतं.

पण येसबाचा जीव किटलीत होता. ऊन चढत होतं.

शेवटच्या स्टेशनावर साहेबांची खोली होती. दार बंद होतं. ते उघडलं, तसा येसबा आत शिरला. थांबला नाही, विचारलं नाही. त्याच वेळी आतून चहावाला बाहेर पडत होता. दोघांची धडक झाली आणि चार कप चहा शेजारी उभ्या साहेबांच्या पांढऱ्या शर्टावर गेला.

साहेब शर्ट झटकत ओरडले, "अहो, ही काय पद्धत? आधी आतल्या माणसांना बाहेर येऊ द्यावं! सगळी बाहेर आली, की मग आपण आत जावं! दार म्हटलं की हाच नियम!"

"बरं झालं सांगितलंत. आता ध्यानात ठेवतो."

किटली टेबलावर होती. गार खोलीत, पंख्याखाली. एकटी एवढ्या लांब आली, पण तिला कसला त्रास झालेला दिसत नव्हता. साहेबांनी स्वतः येसबाला परतीच्या गाडीत बसवलं. तिसऱ्या स्टेशनाला उतरा म्हणून बोटांवर मोजून दाखवलं.

या गाडीत एक बाई बोलत होती. दिसत कुठं नव्हती, पण दर स्टेशनाला गोड आवाजात सांगायची, "जागेवरून उठताना आपलं सामान बरोबर घ्या. आपली एकही वस्तू मागे ठेवू नका."

"नाही ठेवणार बाई," येसबा दर वेळी म्हणायचा. "बरं झालं सांगितलंत."

साडेअकराला तो हौसाच्या दाराशी पोचला. बेल वाजवली. हौसानं दार उघडलं. "दादा! ये की आत!"

"आधी तुम्ही बाहेर या."

"अरे, पण का?"

"दार म्हटलं की हाच नियम. घरात आणखी कोण आहे?"

"सासूबाई आहेत."

"त्यांनाही बोलाव."

सासूबाई हातातली लसूण तशीच घेऊन जिन्यात आल्या. मग येसबा आत गेला. मागं दार आपटलं आणि कुलूप आपसूक लागलं. दोघी बाहेर.

"दादा, दार उघड!"

"कोण आहे?" येसबानं आतून विचारलं.

"अरे, मी हौसा!"

येसबानं दार उघडलं. आता आतला माणूस तोच होता, म्हणून तो आधी बाहेर आला. या वेळी सासूबाईंनी दारात चप्पल अडकवून ठेवली. त्या शहाण्या होत्या.

मग किटली उघडली. चीक चांगला होता, जरासुद्धा नासला नव्हता. हौसाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं किटली फ्रीजमध्ये ठेवली. "संध्याकाळी हे कामावरून आले की वेलदोडा घालून करते. सगळे मिळून खाऊ."

येसबा पोटभर जेवला. दुपारी हौसा आडवी झाली, सासूबाईंनाही डुलकी लागली. तीन वाजता येसबा जायला निघाला. जागेवरून उठला, आणि त्याला त्या गोड आवाजाची आठवण झाली.

त्यानं फ्रीज उघडला. किटली आपली होती. ती घेतली. कोपऱ्यात पितळी तांब्या होता, हौसाच्या लग्नात येसबानंच दिलेला. तोही आपलाच. घेतला. तशी हौसाही आपलीच होती. पण ती झोपली होती. उठवणं बरं दिसलं नसतं.

परतीच्या वाटेवर येसबानं एकही चूक केली नाही. आधी स्वतः चढला. किटली उराशी धरली. उतरणाऱ्यांना उतरू दिलं. गाडीतल्या बाईला म्हणाला, "तुमच्यामुळं आज काही मागं राहिलं नाही."

दिवेलागणीला तो गावात पोचला. सुंद्राकाकी ओट्यावर वाट बघत बसली होती. येसबानं तिला सगळं सांगितलं. पट्टा, किटलीचा एकटीचा प्रवास, चहा, जिना, सगळं.

"आणि खरवस? हौसानं केला का रे?"

"करणार होती."

"मग?"

येसबानं किटली पुढं केली. काकीनं हातात घेतली. जड लागली. फडकं सोडलं. परतीच्या वाटेवरच्या उन्हानं चीक फाटून त्याचं पाणी झालं होतं.

तेवढ्यात काकीचा फोन वाजला. हौसा रडत होती. "काकी, आमच्याकडं चोरी झाली! फ्रीजमधली किटली गेली, माझा तांब्या गेला! आणि दादाही दिसत नाही गं! चोरांनी त्याला काही केलं नसेल ना?"

"दादा सुखरूप आहे बाई. चोरही सापडला," काकी म्हणाली आणि फोन ठेवला.

येसबाची मान खाली गेली. एवढं सगळं ध्यानात ठेवलं, तरी हौसा खरवसावाचूनच राहिली, हे आत्ता कुठं त्याच्या ध्यानात आलं. त्याचे डोळे भरले.

काकीनं किटलीकडं पाहिलं, येसबाकडं पाहिलं, आणि तिला हसू आवरेना. पदरानं डोळे पुसत ती म्हणाली, "रडू नको रे बाबा. माझी गाय उद्याही चीक देणार आहे. पण उद्या तू गोठ्यात गायीपाशी बस. मी किटलीलाच मेट्रोत बसवून देते. ती एकटी गेली, तेव्हा कुठं चुकली का?"