धोंडाईची ओंजळ

नदीनं अजून आपलं जुनं पात्र सोडलं नव्हतं, पल्याडच्या टेकडीवर अजून देऊळ उभं राहिलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. फार फार वर्षांपूर्वीची. त्या काळी डोहवाडीला तिन्ही बाजूंनी पाणी होतं. रानात जायचं तर पाणी, बाजाराला जायचं तरी पाणी. म्हणून या गावात मूल धड चालायला लागलं, की त्याला पोहायला शिकवावं लागे. आणि शिकवायची ती धोंडाई.

धोंडाई भोयांची लेक. कोवळ्या वयात कुंकू पुसलं गेलं, माहेरी परत आली आणि हळूहळू साऱ्या गावाची आत्या झाली. तिच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून आईबापानं देवाची नजर चुकवायला तिचं नाव दगडाचं ठेवलं होतं. गाव त्यावरून तिची चेष्टा करी.

"नाव धोंडा, आणि शिकवते तरायला!"

धोंडाई हसून म्हणे, "धोंड्याच्या हाताखालची पोरं तरतात. तुमच्या हाताखालची निदान अंघोळ तरी करतात का रे?"

तिची शिकवण्याची रीत साधी होती. सुकलेला, आतून पोकळ भोपळा पोराच्या पाठीला बांधायचा. पोटाखाली आपला हात धरायचा. पोर हातपाय मारायला लागलं, की हात काढायचा. आणि मग एका सकाळी भोपळाही सोडायचा. ज्या दिवशी भोपळा सुटे, त्या दिवशी त्या घरचे गूळ वाटत. धोंडाईचा हात पोटाखाली आला, की पाणी मऊ होतं, गादीसारखं होतं, असं म्हणतात.

पण एका वर्षी काय झालं, धर्मा नावाचा मुलगा नुकताच भोपळ्यावाचून पोहायला लागला होता. वर कुठंतरी पाऊस झाला, नदीला अचानक लोंढा आला आणि धर्मा वाहून गेला. दिवस मावळता मावळता तो खूप खाली, एका बाभळीला घट्ट धरून बसलेला सापडला. जिवंत होता. अंगभर काटे रुतलेले, पण हसत होता. गाव तो प्रसंग पुढच्या बाजारापर्यंत विसरलं. धर्माही विसरला. धोंडाई मात्र विसरली नाही.

त्या दिवसापासून तिनं कुणाचाच भोपळा सोडला नाही. पोरं चांगली पोहत, तरी ती म्हणे, "अजून थोडे दिवस राहू दे." थोडे दिवस गेले, की आणखी थोडे दिवस. मुलांना मिसरूड फुटायला आली, तरी पाठीला भोपळा. बाजाराच्या गावची पोरं काठावरून ओरडत, "आले रे आले, डोहवाडीचे भोपळे आले!" धोंडाई घरी आली, तरी तिला घास गोड लागत नसे. भाकरी तव्यावर करपे आणि ही दारातून पाण्याकडे बघत बसे.

शेजारची भिमाक्का कुंभारीण तिच्या तोंडावर बोलली. "आत्या, तुमची माया कळते हो. पण पूर काय भोपळे बांधायला वेळ देतो का? माझी गवरा बघा. तुमच्या हाताखाली शिकली, आणि भोपळ्यावाचून घोटाभर पाण्यात उतरायला भिते."

गवरा भिमाक्काची धाकटी लेक. अपुऱ्या दिवसांची जन्मलेली, काडीसारखी बारीक. ती धोंडाईच्या मांडीवरच वाढली होती. धोंडाईनं ऐकलं आणि मान खाली घातली. बोलणं खरं होतं, पण गाठ सोडायला हात उठत नव्हता.

त्याच उन्हाळ्यात भिमाक्काच्या थोरल्या लेकीचं लग्न झालं. मांडवात भिमाक्कानं लेकीच्या हातावर पाण्याची धार धरली. पाणी तिच्या हातावरून नवऱ्या मुलाच्या हातात आणि तिथून खालच्या परातीत पडलं. भिमाक्काचे डोळे वाहत होते, पण धार तुटली नाही.

पाहुणे पांगल्यावर धोंडाईनं विचारलं, "अक्का, पाणी सोडलंस. आता काळजी मिटली?"

भिमाक्का म्हणाली, "काळजी कशानं मिटती, आत्या? पाणी सोडलं म्हणजे लेक सोडली नाही, माया सोडली नाही. मूठ सोडली. आता तिचं जिणं तिनं जगायचं. मी मुठीत धरून बसले, तर ती जगायची कधी?"

आपण रोज म्हणतो ना, अमक्यावर पाणी सोडलं, तमक्यावर पाणी सोडलं? जन्मभर पाण्यात उभ्या राहिलेल्या धोंडाईला त्या बोलाचा अर्थ त्या दिवशी कळला.

दुसऱ्या दिवशी, पोरं यायच्या आधी, ती एकटीच गुडघाभर पाण्यात उतरली. आधी डोळे मिटून तिनं स्वतःला विचारलं, काल माझ्या हातून काय झालं? कुणाला उगाच ओरडले? कुणाला माझ्या भीतीनं अडवलं? मग तिनं ओंजळ भरली, एका पोराचं नाव घेतलं आणि म्हणाली, "गंगामाई, हे लेकरू माझं आहे, पण माझ्या मुठीतलं नाही." असं म्हणून तिनं बोटं उघडली.

आणि नवल असं झालं, की पाणी पडेना! बोटं फाकलेली, हात उताणे, आणि मध्ये पाणी काचेच्या गोळ्यासारखं थांबलेलं. तोंडानं सोडलं होतं, मनानं धरलं होतं, म्हणून ते पडलं नाही, असं म्हणतात.

धोंडाई रोज जाऊ लागली. हळूहळू पाणी पडू लागलं. आज एकाचं, उद्या दुसऱ्याचं. ज्याचं पाणी पडे, त्याचा भोपळा ती त्याच दिवशी सोडी, आणि ते पोर माशासारखं डोह पार करी. गावात पुन्हा गूळ वाटला जाऊ लागला. राहिली एकटी गवरा. तिचं नाव घेतलं, की ओंजळ भरलेली ती भरलेलीच. आणि आभाळ तर भरून येऊ लागलं होतं.

एके सकाळी गवरा मागं येऊन उभी राहिली. म्हणाली, "आत्या, पाणी का गं सांडत नाही?"

"तुझं नाव जड आहे, बाई."

"माझं? आई तर म्हणते, मी वाऱ्यानं उडून जाईन!"

धोंडाईला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. गवरा पुढं आली. हळूच म्हणाली, "आत्या, एक सांगू? रागावू नको. मला पाण्याची भीती नाही वाटत. तू पोटाखाली हात धरतेस ना, तो थरथरतो. मग मला वाटतं, आत्यासारखी आत्या भिते, म्हणजे पाण्यात काहीतरी असणारच."

इतकी वर्षं तिला वाटत होतं, आपण या पोरीला पोहणं शिकवतोय. शिकवत होती ती भीती. तिनं ओंजळीकडं पाहिलं. ओंजळीतलं पाणी खाली पडलं होतं. कधी पडलं, ते तिलाही कळलं नाही.

तिनं गवराच्या पाठीची गाठ सोडली. गवरा डोहात शिरली आणि दिसेनाशी झाली. धोंडाई जागची हलली नाही. तेवढा वेळ नदीही वाहायची थांबली होती, काठावरचं पान हललं नाही, असं म्हणतात. मग मधोमध डोकं वर आलं. "आत्या, पाणी मऊ आहे गं!" गवरा ओरडली. आणि नदी पुन्हा वाहू लागली.

त्या पावसाळ्यात जो पूर आला, तसा आधी कुणी पाहिला नव्हता. घरं बुडाली, नावा वाहून गेल्या. पण धोंडाईच्या पोरांनी गावातल्या म्हाताऱ्यांच्या आणि तान्ह्यांच्या अंगाला सुटलेले भोपळे बांधले आणि त्यांना ओढत टेकडीवर नेलं. सगळ्यांत पुढं गवरा होती. गावातलं एकही माणूस दगावलं नाही. धोंडाई टेकडीवर उभी राहून ओंजळीमागून ओंजळ सोडत होती, आणि तिची धार पडे तिथं लोंढा दुभंगून वाट देत होता, असं म्हणतात.

पुढं ती खूप जगली. रोज पहाटे पाण्यात उतरायची तिची रीत कधी चुकली नाही. कुणी विचारी, "आत्या, एकदा सोडलं ना पाणी? मग रोज कशाला?" ती म्हणे, "अरे, काळजी म्हणजे मांजर. पोत्यात घालून नदीपार सोडून आलं, तरी सकाळी चुलीपाशी हजर."

आता नदी लांब सरकली आहे. डोहवाडीत शाळा आहे, आणि शाळेच्या दारात पाण्याचा रांजण आहे. घंटेआधी तिथले गुरुजी आणि बाई रांजणापाशी उभे राहतात. कालचा दिवस आठवतात. ज्या मुलाची फार काळजी वाटते, त्याचं नाव मनात घेऊन ओंजळभर पाणी सोडतात, आणि मग वर्गात जातात. याला गावात "आत्याचं पाणी" म्हणतात.

नव्यानं आलेल्या बाई कधी कधी बराच वेळ तशाच उभ्या राहतात. बोटं उघडवत नाहीत. घंटा वाजायची थांबते, मुलं दारातून डोकावतात, पण कुणी घाई करत नाही. पाणी भरायला आलेली एखादी म्हातारी तेवढी म्हणते,

"पडेल हो, बाई. आत्याचंसुद्धा लगेच पडलं नव्हतं."