नादारीचा अर्ज

एका तालुक्याच्या गावी नरहरपंत नावाचे एक वृद्ध वकील राहत असत. मृदुला ही तरुण वकील त्यांच्या हाताखाली शिकत होती. एके सकाळी फर्निचरचे व्यापारी दामोदर पांचाळ त्यांच्याकडे आले. मूळचे ते सुतार. थाटलेले मोठे दुकान बुडाले होते आणि देणी फेडण्याची ताकद उरली नव्हती.

"पंत, नादारीचा अर्ज करायचाय. घर, दुकान, सुतारकामाची हत्यारं, सगळं लिहून देतो. एकदाचं सुटू दे."

"इतकंच? अलीकडे कुणाच्या नावे काही केलंत?"

पांचाळांनी मान खाली घातली. माळावरचा प्लॉट त्यांनी मेहुण्याच्या नावे केला होता. "पोरीच्या लग्नासाठी ठेवलाय. तेवढा राहू द्या."

"मग अर्ज दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या," म्हणत पंतांनी कागद मिटले.

पांचाळ रागाने निघून गेले. काही दिवसांनी परतले ते मेहुण्याला सोबत घेऊनच. "लिहा प्लॉट. पोरीलाही सांगितलंय. तीच म्हणाली, चोरून लग्न नको."

पंतांनी प्लॉट लिहिला. करवत, रंधा आणि पटाशीपुढे मात्र लिहिले : ही अर्जदाराच्या उपजीविकेची साधने असून ती त्याच्याकडेच राहावीत, ही विनंती.

"नको, पंत! लोकांचे पैसे बुडाले आणि मी हत्यारं ठेवू?"

"ठेवायचीच," पंत ठामपणे म्हणाले.

पांचाळ गेल्यावर मृदुलाने विचारले, "लपवलेलं तुम्ही काढायला लावलंत आणि ते देत होते ते मात्र राखलंत. असं का?"

पंत म्हणाले, "कायदा नादार माणसाकडून सत्य मागतो, त्याचे हात मागत नाही. मालमत्ता, देणी, झालेले व्यवहार, सगळं उघड करावं लागतं. प्लॉट दडवला असता तर अर्ज टिकला नसता. टिकला असता तरी हा माणूस जन्मभर भीत राहिला असता. आणि हत्यारं विकून घेणेकऱ्यांच्या हाती काय पडणार? भंगाराचा भाव. हा मात्र उद्या कमावणार कशावर?"

सुनावणीला सगळे घेणेकरी हजर होते. न्यायाधीशांनी विचारले, "या यादीबाहेर तुमचं काही आहे?"

पांचाळांनी एकदा घेणेकऱ्यांकडे पाहिले.

"नाही, साहेब. काहीही नाही."

आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला. हत्यारांच्या विनंतीला कुणाची हरकत आहे का, असे न्यायाधीशांनी विचारले, तेव्हा घेणेकऱ्यांपैकी कुणीही उठले नाही.