लाल डेलियाचं बी

“पण एकही लाल का नाही, माई?”

वसुमतीनं टोपली ओट्यावर ठेवली. आपटलीच म्हणा ना. सकाळच्या एसटीनं घाट चढून आली होती, टोपली मांडीवर धरून हात अवघडले होते.

टोपलीत ओल्या फडक्यात डेलियाची फुलं होती. पिवळी, गुलाबी, पांढऱ्यावर तांबडे शिंतोडे उडालेली, एक नारिंगी. सगळी एकेरी. पाकळ्यांची एकच ओळ आणि मधे उघडा पिवळा गाभा.

गोदामाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप बाजूला सारलं आणि टोपलीत डोकंच घातलं.

“अगंबाई...”

“माई, मी काहीतरी विचारतेय.”

“विचार की. ही बघ गं, हिनं अंगावर कुंकू सांडून घेतलंय!”

 रागावलेल्या माणसासमोर कुणी इतकं खूश व्हावं, हे वसुमतीला पटत नव्हतं.

गोदामाईंची मठी घाटमाथ्यावर, वस्तीच्या टोकाला. दोन खोल्या, पुढं ओटा, मागं विहीर. विहिरीपाशी लाल एकेरी डेलियाचा ताटवा. थंडीत शहरातली माणसं वर यायची ती ताटाएवढाले, गच्च पाकळ्यांचे डेलिया बघायला. रोपवाटिकेतून परतताना माईंच्या दर्शनाला डोकावायची आणि विहिरीपाशी थबकून म्हणायची, “हे जरा रानटीच दिसतंय, नाही?”

“दिसतंय खरं,” माई म्हणायच्या. “पण मधमाश्यांची तक्रार नाही.”

रोज सकाळचा चहा त्या तिथंच घ्यायच्या, ताटव्याकडं तोंड करून. त्या वेळी कुणी परमार्थाचं विचारलेलं त्यांना खपत नसे.

वसुमती शाळेत संस्कृत शिकवायची. नोकरी सोडून माईंकडे आली, आणि बुद्धी अशी तल्लख की माईंचं गुरुवारचं निरूपण तिला अक्षरन् अक्षर पाठ झालं. शब्दच नव्हे, सगळंच. माईंना दमा. बोलता बोलता वाक्याच्या मधे त्या थांबायच्या, छातीवर हात ठेवायच्या, श्वास आत ओढून मग पुढं जायच्या. वसुमतीची छाती चांगली ठणठणीत. तरी तीही तिथंच थांबायची, हात छातीवर ठेवायची.

“डोळे मिटून ऐकलं तर माईच!” लोक म्हणायचे.

हे वाक्य वसुमती प्रसादासारखं जपून ठेवायची.

पुढं घाटाखालच्या गावच्या मंडळींनी तिला बोलावणं केलं. एक खोली, थोडं अंगण, दर गुरुवारी निरूपण. निघायच्या दिवशी तिनं माईंकडे एकच गोष्ट मागितली होती. लाल डेलियाचा कंद. कंद लावला की हुबेहूब तेच फूल येतं. अंगणात ते फूल दिसलं की येणाऱ्याला कळावं, ही गादी कुणाची.

माईंनी कंद दिला नाही. कागदाच्या पुडीत बी दिलं.

“याला लालच येईल ना, माई?”

“आई लाल आहे,” माई म्हणाल्या. “बाप कोण, ते माशीला ठाऊक.”

आणि स्वतःच्याच बोलण्यावर दमा उसळेपर्यंत हसल्या. वसुमती मात्र कानशिलांपर्यंत लाल झाली होती.

आता ती फुलं ओट्यावर होती. माई एकेक उचलून उन्हात धरत होत्या.

“माती वाईट होती का?” वसुमतीनं विचारलं. “की मी पाणी जास्त घातलं?”

“फुलं तर धष्टपुष्ट आहेत.”

“मग चुकलं कुठं?”

“चुकलं?” माईंनी नारिंगी फूल फिरवून पाहिलं. “कुणाचं?”

वसुमती ओट्याच्या कडेला बसली.  मग खालच्या आवाजात म्हणाली, “मी परत येते, माई. तिथं माझं काही खरं नाही.”

“का गं?”

“पहिल्या गुरुवारी अंगण भरलं होतं. मग निम्मं झालं. आता पुढची एक रांग बसते. मी एक शब्द बदललेला नाही. तुम्ही सांगता तसंच सांगते. गेल्या खेपेला एक म्हातारे गृहस्थ उठून पाया पडले. म्हणाले, ‘बाई, अगदी माईंना भेटल्यासारखं वाटलं.’ मला इतकं बरं वाटलं... तर जाता जाता म्हणतात, ‘पुढच्या वेळेला वरच जाऊन येतो. एसटी दारातनंच सुटते.’”

माईंच्या ओठांचे कोपरे हलले. त्यांनी पदर तोंडाला लावला.

“हसा तुम्ही,” वसुमती म्हणाली.

“नाही गं...” पण हसल्याच.

दुपार कलली तशी माणसं येऊ लागली. गुरुवारच होता तो. कुणी शेतातून, कुणी हॉटेलातलं काम उरकून. सतरंजी भरली. माई उठल्या, गुडघ्यावर हात टेकत ओट्यावरून खाली उतरल्या आणि सरळ लोकांत, एका लेकुरवाळीशेजारी जाऊन बसल्या.

“माई, तिथं कुठं?”

“आज तू बोल.”

“मी? तुमच्यासमोर?”

“मागं बसू का?”

लोक हसले. वसुमतीपुढं इलाज उरला नाही. ती ओट्यावर बसली. डोळे मिटले. सुरुवात नेहमीची, माईंची. आवाज लागला. शब्द ओळीनं येऊ लागले. तिचं तिलाच बरं वाटलं. मग ती ठरलेली जागा आली. ती थांबली. हात छातीवर गेला. श्वास आत ओढला...

“अगं, दमा मला आहे,” समोरून माई म्हणाल्या. “तू कशाला थांबतेस?”

 कुणीतरी फिसकन हसलं, आणि त्या हसण्यानं अख्खी सतरंजी धरली. लेकुरवाळीच्या मांडीवरचं पोर दचकून जागं झालं.

वसुमतीचा हात छातीवरच राहिला. पुढचं वाक्य आठवेना. आठवणार कसं? ते माईंचं होतं, आणि माई तर समोर मांडी घालून बसल्या होत्या. डोळ्यांत पाणी तरारलं. उठून सरळ स्टँडवर जावं, असं वाटलं.

हसू ओसरलं. 

तेवढ्यात मागून एका बाईनं विचारलं. थट्टेनं नव्हे, तिला खरंच हवं होतं. “बाई, ती टोपलीतली फुलं कुठली हो?”

“ही... माझ्याच अंगणातली,” वसुमती म्हणाली.

“काय सुरेख रंग! मुद्दाम लावले?”

“छे! मला एकही नको होता यातला.”

पुन्हा हसू आलं, पण हे निराळं होतं. वसुमतीही कसनुशी हसली. मग सांगायला लागली. सांगायचं म्हणून नव्हे. बाईनं विचारलं होतं, म्हणून.

“मला लाल हवं होतं. पहिली कळी फुटली, ती पिवळी. म्हटलं, असेल एखादी. दुसरी गुलाबी. येणाऱ्याजाणाऱ्याला मी आपली सांगत बसे, रोप माईंचं आहे हो, रंग तेवढा चुकलाय. आमच्या शेजारी शकीलाभाभी राहतात. त्या रोज हातात झाडू घेऊन कुंपणाशी येतात. नवऱ्याशी, आमच्या मामूंशी, पैज लावतात, आज कोणता रंग निघणार म्हणून. हरेल त्यानं चहा करायचा. मामू बिचारे सारखे हरतात. चहा मात्र असा करतात, की भाभींनी तरी का म्हणून हरावं?”

सतरंजी खदखदली. वसुमतीचे हात आता मोकळे झाले होते, हवेत फिरत होते.

“एक दिवस भाभींनी हाक मारली, बाई, लवकर या! मी धावले, वाटलं लाल आलं. बघते तर हे. पांढऱ्यावर शिंतोडे. असा राग आला मला! उपटणारच होते. वाकले... तर मधल्या पिवळ्या गाभ्यात एक माशी. थंडीनं गारठलेली, रात्रभर तिथंच झोपली असावी. अंगभर पराग. ऊन आलं तशी एकेक पाय झटकायला लागली. मी वाकलेलीच. भाभी कुंपणावर वाकलेल्या. मामू चहा घेऊन उभे.  माशी उडाली, तेव्हा भाभींनी टाळी वाजवली. आणि खरं सांगू? ... मीही वाजवली.”

ती थांबली. हात छातीवर गेला नाही. पुढं काय म्हणायचं ते तिला ठाऊकच नव्हतं, एवढंच.

“मग?” लेकुरवाळीनं विचारलं.

“मग काय! आता मीही पैज लावते.”

खालच्या गावच्या एसटीचा हॉर्न वाजला. दोघंतिघं चुळबुळले, पण उठलं कुणीच नाही. वसुमतीनं आणखी सांगितलं. भाभींचं, अंगणातल्या गोगलगाईंचं, पहिल्या गुरुवारी घशाला पडलेल्या कोरडीचं. ऊन विहिरीपलीकडं सरकलं, तेव्हा कुठं माणसं पांगली. जाताना त्या मागच्या बाईनं टोपलीतलं एक गुलाबी फूल मागून घेतलं आणि केसांत खोवलं.

वसुमती सतरंजी झाडू लागली. मग घडी तशीच हातात धरून माईंसमोर उभी राहिली.

“माई... निरूपण तर झालंच नाही. मी नुसतंच बोलत बसले.”

 माईंनी शिंतोड्यांचं ते पांढरं फूल टोपलीतून उचललं. त्याच्याकडं बघत राहिल्या, नव्यानं ओळख झालेल्या माणसाकडं बघावं तसं.

“रागावलात का?”

“कधी निघतेस?”

“उद्या. पहिल्या एसटीनं.” वसुमती चपापली. मी परत येते, असं आपण सकाळीच म्हणालो होतो, हे तिला बोलून झाल्यावर आठवलं. “म्हणजे... भाभी वाट बघतील. दोन कळ्या आजउद्या उघडायच्या बेतात आहेत.”

माईंनी मान डोलावली. फूल तिच्या हातात दिलं.

“या झाडाचं बी धरलं की थोडं मला आण,” त्या म्हणाल्या. “माझ्याकडं हे नाही.”