आडवी पळी

"मग प्रत्येक डिस्कची नोंद दोनदा येते कशी, बुवा? कोणी मुद्दाम केल्याशिवाय?"

निरंजनबुवा मठाच्या ओसरीवर वाती वळत बसले होते.

हेरंब त्यांचा लहानपणापासूनचा शिष्य. आता एका विमा कंपनीचा मेनफ्रेम, म्हणजे अवाढव्य संगणक, सांभाळणारा साहेब. स्वभाव असा, की मठात शिरतानाही चपला पिशवीत घालून आत आणल्या. न जाणो, कोणी लांबवल्या तर!

त्याने सगळं ओकून टाकलं. कुठल्या डिस्कवर किती जागा भरली, ही माहिती रोज पहाटे आपोआप गोळा व्हावी, अशी सोय हाताखालच्या मुक्ताने लावून दिली होती. हल्ली अहवालात सगळं दुप्पट दिसायला लागलं होतं. जागा संपली म्हणून वरचे लोक नव्या डिस्क घ्यायला निघाले. तिथेच हेरंबच्या मनात पाल चुकचुकली. डिस्क विकणाऱ्यांशी या पोरीचं साटंलोटं असणार! जेवण झालं की तो वर फोन करणार होता, आणि मुक्ताची नोकरी जाणार होती.

"तिला विचारलंस?"

"चोर कधी कबूल करतो का, बुवा?"

बुवांनी वात तबकात ठेवली. धोंडू आचारी पाण्याला गेलाय, तेवढी आमटी बघ, म्हणाले. हेरंब आत जाऊन आला.

पानं वाढली. पहिल्याच भुरक्याला हेरंबचं तोंड वाकडं झालं.

"या आचाऱ्याला घरी बसवा. मीठ दोनदा घालतो."

धोंडूचा चेहरा पडला. वाढायचं भांडं घेऊन तो आत गेला.

बुवांनी विचारलं, "तू गेलास तेव्हा पातेल्यावर पळी आडवी होती?"

मीठ पडलं की पातेल्यावर पळी आडवी ठेवायची, हा मठाचा जुना रिवाज. हेरंबला तो लहानपणापासून ठाऊक.

"होती. पण पळी ठेवली म्हणजे मीठ घातलंच, याचा काय भरवसा? म्हणून मी..."

तो थांबला. आपण घातलेली मिठाची मूठ त्याच्या लक्षातच नव्हती.

बुवा तीच आमटी शांतपणे भुरकत होते.

"आणि त्या तुझ्या यंत्रात?"

हेरंबचा घास हातातच राहिला... मुक्ताच्या कामाचा भरवसा नाही, म्हणून दिवाळीपासून त्यानेही यंत्राला तीच माहिती गोळा करायला लावली होती. तिच्या थोडी आधी, कोणाला न सांगता. दोन्ही नोंदी जाऊन पडत होत्या एकाच अहवालात.

त्याचे कान तापले. लाजेने मान वर होईना.

"मुक्ताला फोन करतो," तो कसाबसा म्हणाला.

"कर," बुवा म्हणाले. "पण आधी आत जा. आमटी कोणी खारवली, ते धोंडूला सांगून ये."