डोहातल्या गोगलगायी

“पण बाबा, अख्ख्या डोहात एकही गोगलगाय कशी नाही?”

लहानुबाबा गोसावी मठीच्या ओट्यावर बसले होते.

विश्राम सकाळपासून गुडघाभर पाण्यात चाचपडत होता. दगड उलटे केले, गाळ उपसला. हाती आले ते रिकामे शंख.

नदी वाचायला त्याला बाबांनीच शिकवलं होतं. या गोगलगायीची मादी अंडी घालत नाही, पोटातच पिलं वाढवते. पाणी आटलं की चिखलात शिरते, शंखाचं दार लावून घेते आणि पावसाची वाट बघते... सगळं इथंच, पूर्णेच्या काठी. पुढं त्याच विद्येवर प्रबंध लिहून तो शहरात डॉक्टर झाला. प्रबंधात बाबांचं नाव नव्हतं.

“चार उन्हाळ्यांमागं तू चिखल खणून पोती भरलीस,” बाबा म्हणाले.

“अभ्यासासाठी नेल्या, बाबा.”

“थोड्या राहू दे म्हटलं होतं.”

विश्रामला आपलंच उत्तर आठवलं. ‘तुम्हाला नाही कळायचं, बाबा. हे शास्त्र आहे.’

...

“चला, स्नानाला उतरू. हात द्या.”

बाबांनी मांडीवरची घोंगडी बाजूला केली. उजवा पाय खुब्यापासून वाकडा झाला होता.

“हे कधी झालं?”

“श्रावणात. घाटावर घसरलो.”

“घाटावर? तुम्ही तर डोळे मिटून उतरायचात!”

“पायऱ्यांवर शेवाळ माजलंय. आधी नव्हतं.”

विश्राम घाटाकडे गेला. पायरीवर बोट टेकवलं, ते हिरव्या लोण्यात शिरावं तसं रुतलं. गोगलगायीची जीभ कानशीसारखी असते, दगडावरचं शेवाळ ती दिवसरात्र खरवडून खाते, हे त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. त्यावर टाळ्याही घेतल्या होत्या.

परत आला तो बाबांच्या पायाशी बसला. वाकड्या पायाला हात लावायचं धाडस होईना.

“मी... मला ठाऊक होतं, बाबा.”

“हो.”

“वरच्या बंधाऱ्यात अजून आहेत म्हणतात. पोटुशा माद्या आणून सोडतो. चार पावसाळ्यांत डोह भरेल... पण तुमचा पाय?”

बाबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

“सोडायला येशील तेव्हा घाटावरून उतर. अनवाणी. शेवाळ पायालाही कळू दे.”