कासारणीचा नारळ

एका माळावरच्या गावात एक कासारीण राहायची. बांगड्या भरताना इतक्या गप्पा मारायची की हात चेपल्याचं बायकांना कळतही नसे. त्या गावचा पाणाड्या तळहातावर आडवा नारळ घेऊन रानात फिरे, आणि नारळ उभा राहिला की तिथे विहीर खणा म्हणे. तो म्हातारा वारला, आणि नेमकी त्याच साली गावची विहीर आटली.

आता पाण्याची जागा दाखवणार कोण? पाटलांनी शक्कल काढली. देवळापुढे सहा घडे झाकून ठेवले, काही भरलेले, काही रिकामे. अख्ख्या गावाने एकेक करून नारळ धरायचा आणि ओळखायचं. न्हाव्याचे सगळेच चुकले, गाव पोट धरून हसलं. कासारणीचे मात्र सहाच्या सहा बरोबर!

मग काय विचारता! गावाने तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, हिरवं लुगडं दिलं, ओवाळलं. बाई भलतीच खूश. रुबाबात रानात फिरली, टेकडीवर नारळ हललासा वाटला आणि तिने बोट दाखवलं. लगेच कुदळी निघाल्या.

कुदळी पाहिल्या आणि तिला एकदम भान आलं. गावात बळ उरलं होतं एकाच विहिरीपुरतं. ती कोरडी लागली, तर गुरंढोरं घेऊन सगळ्यांना गाव सोडावं लागणार. तेवढ्यात समोरून न्हावी आला आणि तिच्या मनात आलं, याचे सगळे चुकले ते नशिबाने, मग माझे बरोबर आले ते कशाने? हे बोलून दाखवावं तर मान जाणार, लुगडंही जाणार. तिला फार वाईट वाटलं, पण ती बोललीच.

"पाटील, मी एकटीनेच नारळ धरला असता आणि सगळं जमलं असतं, तर नवल होतं. इथे सगळ्या गावाने अंदाज केले. कुणाचा तरी लागणारच होता, तो माझा लागला. घडे पुन्हा मांडा, आता मी एकटीच ओळखते."

पाटील कुरकुरले, पण घडे मांडले. या खेपेला तिचे निम्मे चुकले. मग न्हाव्यानेही हौसेने पुन्हा नारळ धरून पाहिला, तर त्याचेही निम्मे बरोबर!

कुदळी थांबल्या. आधी चार ठिकाणी लहान खड्डे घेऊन बघायचं ठरलं. टेकडीवर हातभरावरच काळा कातळ लागला. ओढ्याच्या वळणावर ओली माती निघाली, तिथे विहीर खणली आणि पाणी लागलं.

कासारणीने विहिरीवर तो नारळ फोडला, सगळ्यांना खोबरं वाटलं आणि घडी घातलेलं लुगडं पाटलांपुढे ठेवलं.

पाटील हसले. "ते नेसूनच पाणी भरायला या. तेव्हा दिलं ते तुमच्या नशिबाला दिलं होतं. आज तुम्हाला देतो."

तात्पर्य काय, तर कुणाचा नेम लागला की आधी विचारावं, नेम धरला किती जणांनी? आणि मग म्हणावं, पुन्हा एकदा मारून दाखव.