गारांच्या माळावरची झुंबराबाई

झुंबराबाईचं तेव्हा कुणीही खरं मानलं नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण हल्ली वाडीतला जो तो म्हणतो, आमच्या खापरपणज्यानं तिची बाजू घेतली होती. कुणी घेतली नव्हती. सगळे तिला हसले होते, आणि हसणाऱ्यांत माझ्याही घरचे होते.

फार वर्षांपूर्वी, म्हणजे ह्या तळ्याला बांधसुद्धा नव्हता तेव्हा, आपली कुंभारवाडी खाली नदीकाठी होती. एका पावसाळ्यात नदीनं वाट बदलली आणि चांगली माती सगळी वाळूखाली गेली. माती नाही तिथं कुंभारानं काय करायचं? वाडी उठवायची ठरली.

जागा दोन होत्या. एक सावरखोरं. तिन्ही बाजूंनी डोंगर, डोंगरावर रान, सरपण दाराशी आणि माती लोण्यासारखी. दुसरा हा आपला माळ. माती इथंही चांगली, पण उघडं बोडकं रान, आणि चैत्रात गारा पडायच्या त्या नारळाएवढ्या, असं म्हणतात.

केरबा म्हणजे झुंबराबाईचा सासरा आणि वाडीतला मोठा माणूस. तो म्हणाला, ह्यात विचार कसला करायचा? आपला सगळा माल फुटणारा. गारांच्या तोंडी जाऊन बसायला आपण काय खुळे आहोत? रानात वणवा लागतो असं कुणीतरी म्हणालं, तर केरबा हसला. आग आपल्या घरची आहे, म्हणाला, जन्मभर मडकी भाजायला आवा पेटवतोय आपण. सगळ्यांना ते पटलं. कुंभाराला पटणारच.

झुंबराबाईला पटलं नाही. ती दोन्ही जागा बघून आली, एकटी, कुणाला न विचारता. माळावर तिला धनगराची एक म्हातारी भेटली. तिच्या पितळी तांब्याला सगळीकडून पोचे. गारा पडतात का म्हणून विचारलं तर म्हातारीनं डोक्यावरचं टेंगूळ दाखवलं आणि पोट धरून हसली. मग झुंबराबाई सावरखोऱ्यात गेली. तिथं गवतात एका घराचं जोतं होतं. नखानं उकरून बघितलं तर माती लाल, आव्यातल्यासारखी एकसारखी भाजलेली. इथं काय झालं हे विचारायला मात्र माणूस नव्हतं.

घरी येऊन तिनं सासऱ्यापुढं सांगितलं, "मामंजी, गारा बघितलेली म्हातारी मला भेटली. वणवा बघितलेलं कुणी भेटलं नाही. ह्यातच काय ते समजा."

केरबा म्हणाला, "झुंबरे, तू भाकरी थाप."

तिनं भाकऱ्या थापल्या, सगळ्यांना वाढल्या, आणि मग घरचं चाक उचललं. दोघा गड्यांना उचलत नाही ते चाक डोक्यावर घेऊन ती माळाला चालू लागली, असं म्हणतात. नवरा भैरू मागोमाग गेला. मी चाकामागं गेलो, बायकोमागं नाही, असं तो मरेपर्यंत सांगत होता. बाकी सगळी वाडी सावरखोऱ्यात गेली.

चैत्रात माळावर गारा पडल्या आणि झुंबराबाईचं एक मडकं धड राहिलं नाही. केरबानं मुद्दाम निरोप धाडला, खापऱ्या विकायच्या असतील तर गिऱ्हाईक बघतो. भैरू मान खाली घालून बसला. ती पुन्हा चाकावर बसली.

पुढच्या वर्षी फाल्गुनात सावरखोऱ्यावर धूर दिसला. झुंबराबाई हातातलं टाकून निघाली. तळ्यात लोळली, डोक्यापासून पायापर्यंत चिखल थापला आणि पळत सुटली. खोऱ्याचं तोंड पेटलेलं होतं. आत सगळी वाडी, तान्ह्या लेकरांसकट, मातीच्या खड्ड्याशी एकमेकांना धरून उभी होती. जाळातून चिखलाची बाई चालत येताना बघून केरबाला भूतच वाटलं. भुतानं खेकसून सांगितलं, "बघत काय बसलात? चिखल लावा."

तिनं एकेकाला खड्ड्यात लोळवलं. लाजणाऱ्या सुनांना लोळवलं, सासऱ्याला तर स्वतःच्या हातानं लिंपलं, कानसुद्धा सोडले नाहीत. लेकरं रांजणात बसवली आणि रांजण गड्यांच्या डोक्यावर दिले. मग सगळी ओळ जाळातून निघाली. आगीला वाटलं, ही मडकीच आहेत. तिनं त्यांना नीट भाजलं आणि सोडून दिलं, असं म्हणतात. आपल्या वाडीची डोकी इतकी टणक आहेत, ती तेव्हापासून.

बाहेर आल्यावर माणसं मोजली. सगळी होती. केरबाच्या अंगावरची माती तडकून पडली आणि आतनं तो धडधाकट निघाला. मागं वळून बघतो तर खोऱ्यात वाळत घातलेली कच्ची मडकी पक्की भाजून निघालेली. म्हातारा कुंभारच तो. भाजणी बरी झाली, एवढंच बोलला आणि मुकाट सुनेच्या मागं माळावर आला.

महिना गेला नाही तोच गारा आल्या. नवीन लावलेला सगळा माल फुटला. केरबा डोक्यावर पाटी घेऊन अंगणात उभा राहिला आणि तिच्या नावानं शिव्या देत सुटला, कुठल्या जागेला आणलंस, सगळ्याचं वाटोळं केलंस म्हणून. झुंबराबाई दारात उभी राहून ऐकत होती.

"द्या मामंजी," ती म्हणाली. "शिव्या द्यायला तुम्ही आहात, माझं पोट भरलं."

म्हातारा हसायला लागला, आणि हसता हसता त्यानं आणखी दोन दिल्या.

तेव्हापासून वाडीत हीच रीत आहे. दरसाल फाल्गुनात प्रत्येक घर एक मडकं करून उघड्यावर ठेवतं, मुद्दाम गारांसाठी. गारा सुरू झाल्या की कुणी आत पळत नाही. डोक्यावर पाटी, परात, घमेलं, हाताला येईल ते घेऊन सगळी अंगणात येतात. नव्या सुना तर पदर खोचून येतात, सासरी मोकळ्या तोंडानं शिव्या द्यायचा तेवढा एकच दिवस मिळतो. मडकं फुटलं की वाडीतला सगळ्यात म्हातारा माणूस मोठ्यानं विचारतो, कुणी केलं हे नुकसान? आणि पत्र्यावर गारा वाजत असतात त्याच्याही वर आवाज काढून सगळी वाडी नाव घेते,

झुंबराबाईनं.